युरोपातल्या जुन्या हवेल्या आणि बागा: आम्ही दोघंच जाणार आहोत, काय बघावं?

गच्चीकर (पुणे)

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. येत्या ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला ३५ वर्षं पूर्ण होतात. बायकोची गच्चीवर बाग आहे. अर्धे कापलेले ड्रम, रंगाचे रिकामे डबे, फळांच्या पेट्या असं मिळून शंभरेक कुंड्या होतील. पस्तीस वर्षांत तिने स्वतःसाठी म्हणून फारसं काही मागितलं नाही. परवा मात्र म्हणाली, "मला मोठमोठी शहरं नकोत. तिकडच्या जुन्या घरांच्या बागा बघायच्यात, आणि घाईघाईत नाही."

दोन टूर कंपन्यांकडे चौकशी केली. एकांच्या यादीत दहा दिवसांत सात देश. बागेचं नाव होतं, पण त्यापुढे "४० मिनिटे, फोटोसाठी". तिने कागद घडी करून परत दिला. आता आम्ही दोघंच जायचं ठरवतोय.

दिवस बारा-तेरा मिळतील. माझं इंग्रजी ठीक आहे, फ्रेंच-जर्मन शून्य. दोघंही शाकाहारी. तिचे गुडघे दुखतात, सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालते, जिने नकोत. ऑगस्टमध्ये बागांत काही असतं का, की सगळा बहार मे-जूनमध्ये उरकतो? घरं आतून बघण्यासारखी असतात का? आणि किती ठिकाणं घ्यावीत? कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

टेम्सकाठ (लंडन)

इंग्लंडपुरतं सांगतो. इथल्या बऱ्याच जुन्या वास्तू 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेकडे आहेत, काही 'इंग्लिश हेरिटेज' या दुसऱ्या संस्थेकडे, आणि काही अजून त्या त्या घराण्यांच्या किंवा त्यांच्या न्यासांच्या ताब्यात. एकाचं सभासदत्व दुसरीकडे चालत नाही. सभासद होण्याआधी आपली ठिकाणं कुणाकडे आहेत ते बघून घ्या. माझे सासू-सासरे आले होते तेव्हा या गोंधळात आमचे पैसे उगाच गेले.

तुम्ही जोडीने येताय म्हणून एक बाग आवर्जून सुचवतो, केंट परगण्यातली सिसिंगहर्स्ट. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० साली ती पडकी जागा घेतली. रेषा नवऱ्याच्या, झाडं बायकोची. कुठे भिंत, कुठे वाट, कुठे कुंपण हे त्याने आखलं आणि तिने ते भरभरून लावलं. १९३८ मध्ये लोकांना एक शिलिंग घेऊन आत सोडू लागले. एक चौक नुसत्या पांढऱ्या फुलांचा आहे. त्याचा भर जून-जुलैमध्ये असतो, ऑगस्टमध्ये थोडा उतरलेला दिसेल, तरी बघाच. चेरिंग क्रॉसहून स्टेपलहर्स्टला गाडीने तासभर, पुढे बस किंवा टॅक्सी. मनोऱ्याचा जिना वहिनींनी टाळावा.

पिलबाग (रावेर)

गच्चीकर दादा, तुमचा प्रश्न वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि लिहायला बसले. आम्ही दोघं असंच गेलो होतो, आणि तेही ऑगस्टमध्येच. म्हणून सगळं सांगते, थोडं लांबेल.

मी ३० वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. आमचे हे केळीचे शेतकरी. ऑगस्ट का, तर मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी, लावून झालेली असते आणि कांदेबागेला, म्हणजे केळीच्या पावसानंतरच्या लागवडीला, अजून महिनाभर असतो. त्याच तेवढ्या फटीत यांना घरातून बाहेर काढता येतं. आणि हे तयार झाले तेही एका केळीमुळे.

झालं असं, की मी एकदा वाचता वाचता यांना म्हटलं, "अहो, आपल्या बसराईचं आणि ग्रँड नैनचं आडनाव इंग्रजाचं आहे." दोन्ही जाती कॅव्हेंडिश गटातल्या. कॅव्हेंडिश हे डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचं आडनाव. त्यांचा वाडा इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये, चॅट्सवर्थ. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं केळीचं रोप त्याने मालकासाठी मिळवलं आणि काचघरात वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला केळफूल आलं, पुढच्या वर्षी शंभरावर केळी लागली. मालकाचं नाव त्या केळीला मिळालं. मग मिशनरी लोकांबरोबर ती रोपं थेट पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांपर्यंत गेली. हे ऐकून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या काचघरात अजून केळ असेल का?" मी म्हटलं, आहे. म्हणाले, "मग चल."

आधी कामाचं सांगते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक असतो तो, वेगळा, दोन्ही काढावे लागतात. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा, आमच्यासाठी फ्रान्स. आम्ही तीनच ठिकाणी मुक्काम केला. इंग्लंडात शेफिल्ड चार रात्री, फ्रान्सात तूर चार रात्री, ऑस्ट्रियात साल्झबुर्ग तीन रात्री. तेरा दिवसांत तीन बिऱ्हाडं. याहून जास्त करू नका. एक बाग सकाळी बघावी, त्याच बागेत उन्हं कलल्यावर परत जावं. कुठली सावली कुणावर पडते आणि माळ्याने ते झाड तिथेच का लावलं, हे दुसऱ्या फेरीत कळतं.

लंडनच्या सेंट पँक्रसहून शेफिल्डला दोनेक तास लागतात. तिथून २१८ नंबरची बस चॅट्सवर्थच्या आवारात सोडते. नदी, पूल, कुरणात मेंढ्या आणि समोर तो वाडा. मेंढ्या अगदी पाव्हण्यांच्या पायात येतात. हे तिथेच थांबून मेंढ्यांचे पाय आणि दात बघायला लागले. मी म्हटलं, अहो, तिकीट काढलंय.

पॅक्स्टन इथे १८२६ साली आला तेव्हा २२ वर्षांचा होता. पहाटे साडेचारला पोचला. दार बंद, म्हणून फाटकावरून चढून आत उतरला, सगळी बाग फिरून बघितली आणि सहाला माणसं आल्यावर त्यांना कामाला लावलं. मग न्याहारीला बसला तर तिथे घर सांभाळणाऱ्या बाईंची भाची होती, तिच्या प्रेमात पडला. नऊ वाजायच्या आत हे सगळं उरकलं होतं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी लग्न झालं. हे यांना सांगितल्यावर यांना तो माणूस एकदम घरचा वाटू लागला, कारण हेही साडेचारलाच उठतात. दिवसभर "पॅक्स्टन भाऊ" असंच म्हणत होते.

आता काचघर. जायच्या आधी यांनी एक गोष्ट केली, तिचा मला फार अभिमान वाटतो. नवे बूट घेतले आणि ते एकदाही शेतात घातले नाहीत. केळीच्या पनामा मर रोगाची बुरशी मातीतून जाते, बुटाला चिकटलेल्या चिखलातूनसुद्धा. हे म्हणाले, ज्या घरातून आपली केळी निघाली त्या घरात आपण रोग घेऊन जायचं नाही. तिथे एक माळी भेटला, साधारण आमच्या मुलाच्या वयाचा. मी इंग्रजीतून बोलत होते, पण या दोघांना माझी फारशी गरज लागली नाही. यांनी खोडाला हात न लावता वाकून बुंधा बघितला आणि दोन बोटं वर केली. म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिलं किती ठेवता? त्याने एक बोट वर केलं. यांनी मान हलवली, बरोबर. मग घडाकडे बोट दाखवून फण्या मोजल्या. यांना वाटलं त्यापेक्षा एक जास्त निघाली. दोघांनी पुन्हा मोजल्या आणि दोघंही हसले. मी फोनवर आमच्या बागेचा फोटो दाखवला, ओळीने उभी केळी, मध्ये ठिबकच्या नळ्या. तो माळी फोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मला म्हणाला, त्याने इतकी केळी एकत्र कधी बघितलेली नाहीत. काचघर रोजच उघडं असतं असं नाही, आदल्या दिवशी चौकशी करून जा.

बाकी बागेत पाण्याचं काम बघा. 'एम्परर' कारंजं पॅक्स्टननेच १८४४ मध्ये केलं. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून सहा महिन्यांत वर माळावर तळं खणलं, वाड्यापेक्षा सुमारे ३५० फूट उंच. पंप नाही. नुसत्या उताराने पाणी खाली येतं आणि उसळतं. ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार आलाच नाही. पण पाणी राहिलं, आणि १८९३ पासून त्याच पाण्यावर जनित्रं चालवून वाड्यात वीज आणली. आमचे हे तिथे बाकावर तासभर बसून होते. पाईप केवढा, उतार किती, दाब किती, असं बोटांवर गणित चाललेलं.

आणि मग ते तांब्याचं झाड. कातळांच्या मधल्या वाटेवर एक वाळल्यासारखं, पानं गळालेलं झाड उभं आहे. हे म्हणाले, "एवढ्या बागेत हे वाळकं झाड कुणी ठेवलं?" आणि फांदी चाचपायला जवळ गेले. झाड तांब्याचं होतं. फांदी-फांदीतून पाणी सुटलं आणि हे डोक्यापासून नव्या बुटांपर्यंत भिजले. सतराव्या शतकाच्या अखेरीस केलेली ही युक्ती, पुढे नव्याने घडवलेली. व्हिक्टोरिया राणी लहान असताना तिलाही ते झाड फार आवडलं होतं. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. तीस वर्षं वर्गात गंभीर चेहऱ्याने उभी राहिलेली बाई मी, पण त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि हेही हसले. आमचं दोघांचं असं एकत्र हसणं किती वर्षांनी झालं ते मी मोजलं नाही. पण बऱ्याच वर्षांनी.

फ्रान्सला जाताना सोयीचं हे, की पॅरिसची युरोस्टार सेंट पँक्रसहूनच सुटते. पॅरिसमध्ये स्टेशन बदलावं लागतं, उत्तरेकडच्या स्टेशनवरून मॉंपार्नासला, चार नंबरच्या मेट्रोने. तूरला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अलीकडच्या सेंट पियेर दे कोर स्टेशनवर थांबतात, तिथून जोडगाडी मिळते. आम्ही घाबरत उतरलो, पण समोरच उभी होती.

शनोंसो हा वाडा शेर नदीवर पुलासारखा बांधलाय. तूरहून गाडीने अर्धा तास, स्टेशन अगदी दारात, वहिनींच्या गुडघ्यांना सोयीचं. नदीच्या कडेला दोन बागा आहेत, एक दियान द पॉइतियेची आणि एक कॅथरिन द मेदिचीची. राजा दुसरा हेन्री याची एक आवडती आणि एक लग्नाची. १५५९ मध्ये राजा गेला आणि कॅथरिनने दियानला तिथून हलवून बदल्यात दुसरा वाडा घ्यायला लावला. दोघींच्या बागा आजही समोरासमोर नांदतात. मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर, पुलाच्या खांबांच्या पोटात आहे. सामान होडीने थेट खाली यायचं. तांब्याची भांडी अजून टांगलेली आहेत. पण तिथे उतरायला जिना आहे, हे लक्षात ठेवा.

आता विलांद्री. दादा, बाकी सगळं वगळलंत तरी चालेल, पण वहिनींना विलांद्री दाखवाच.

ही भाजीची बाग आहे. कोबी, बीट, गाजर, वांगी, मिरच्या, भोपळे. नऊ चौक, सगळे सारख्या मापाचे, पण प्रत्येकाची आतली नक्षी वेगळी. कडेला बॉक्स नावाच्या गुडघ्याएवढ्या झुडपांच्या कापीव कडा. जांभळ्या कोबीच्या शेजारी हिरवा कोबी, त्याला लागून लाल बीट. वरून बघितलं तर पैठणीचा पदर जमिनीवर अंथरलाय असं वाटतं. स्पेनचा एक डॉक्टर, जोआकिम कार्व्हालो, आणि त्याची अमेरिकन बायको अ‍ॅन कोलमन यांनी १९०६ मध्ये हा वाडा घेतला. आधीच्यांनी तिथे इंग्रजी धाटणीची झाडी केली होती, ती काढून यांनी जुन्या पद्धतीची बाग परत उभी केली. वर्षातून दोनदा लागवड होते, एक वसंतात आणि एक जूनमध्ये. म्हणून ऑगस्टमध्ये दुसरी लागवड अगदी भरात असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. फुलांचा बहार मे-जूनमध्ये उरकत असेल, भाजीचा नाही. आणि तिथे फेरपालट पाळतात. एका चौकात कोबीवर्गीय आलं की पुढची काही वर्षं तिथे दुसऱ्या कुळातलं. हे माळ्याकडून कळल्यावर आमच्या यांनी टोपी काढली. खरोखर डोक्यावरची टोपी काढून त्या चौकाला नमस्कार केला. मधे मधे उंच गुलाब लावलेत, ते म्हणे पूर्वी मठाच्या भाजीत काम करणाऱ्या साधूंची खूण.

भाजीच्या वरच्या अंगाला प्रेमाची बाग आहे. चार चौक, झुडपं कापून केलेले चार प्रकारचे प्रेम. कोमल प्रेमात बदामाचे आकार. उत्कट प्रेमात फुटलेले बदाम. चंचल प्रेमात पंखे आणि चिठ्ठ्या. शोकांत प्रेमात खंजीर आणि लाल फुलं. मी फलक वाचून एकेक समजावत होते. हे सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "यातलं आपलं कुठलं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. यांनी मागे वळून खाली बोट दाखवलं. "आपलं ते तिकडे. वांग्यांच्या ओळीत." मला तिथे एकदम भरून आलं. लग्न होऊन मी आले त्या वर्षी केळीला भाव नव्हता. बांधावर लावलेल्या वांग्यांवर आम्ही ते वर्ष काढलं होतं. ते यांच्या लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं.

विलांद्रीला तूरहून गाडी नाही, आम्ही टॅक्सी केली, पंधरा-सोळा किलोमीटर. आत वाटा सपाट आणि बारीक खडीच्या. वरचा सज्जा मात्र चढावा लागतो. पण नक्षी तिथूनच उलगडते, म्हणून वहिनींना हळूहळू, बसत-उठत न्या.

शेवटचं साल्झबुर्गजवळचं हेलब्रुन. पॅरिसहून म्युनिक आणि तिथून पुढे, आख्खा दिवस गाडीत गेला. प्रिन्स आर्चबिशप, म्हणजे तिथला राज्यही चालवणारा धर्मगुरू, मार्कुस सिट्टिकुस याने १६१३ च्या सुमारास हा वाडा बांधायला घेतला, तोही फक्त दिवसाच्या करमणुकीसाठी. आत झोपायची खोलीच नाही, संध्याकाळी माणसं शहरात परत जायची. बागेत पाण्याचे खेळ आहेत. दगडी टेबल, भोवती दगडी बैठका, आणि बैठकांत पाण्याची भोकं. पाव्हणे जेवायला बसले की खालून पाणी. आणि यजमान उठल्याशिवाय पाव्हण्यांनी उठायचं नाही ही रीत. फक्त यजमानाची बैठक कोरडी.

चॅट्सवर्थला भिजलेला माणूस इथे फसणार नव्हता. वीस वर्षं ठिबकच्या नळीवरचे ड्रिपर तपासून यांची नजर तयार झालीय. आत शिरल्यापासून मला बोट दाखवत होते. "इथे भोक आहे. त्या भिंतीत आहे. त्या हरणाच्या शिंगात आहे, बघ." वाटाड्या मुलीने टेबलाशी बसायला कोण तयार, असं विचारलं. हे सगळ्यांच्या पुढे गेले, सगळ्या बैठका वाकून बघितल्या आणि ज्या एका बैठकीला भोक नव्हतं तिच्यावर जाऊन ऐटीत बसले. मला म्हणाले, "ये, बस शेजारी." मी बसले. पुढे काय झालं ते सांगायला नको. ती मुलगी पाणी सोडायचं विसरून आधी हसत सुटली, मग सोडलं. मी चिंब, बाजूचं एक स्पॅनिश कुटुंब चिंब, आणि हे आर्चबिशपच्या जागेवर कोरडे बसून हात जोडून सगळ्यांना नमस्कार करतायत. चॅट्सवर्थच्या हसण्याची फिटंफाट झाली. बदलायला एक सुती कपडा पिशवीत असू द्या.

खाण्याचं: भाजणी, मेतकूट, चटणी, केळीचे वेफर्स चालले. दूध-तुपाचं काही नेऊ नका. पेढे, खवा, तूप बाहेरून न्यायला ब्रिटनमध्येही मनाई आणि युरोपातही. बिया-रोपंही नको. यांना त्या काचघरातलं एक पिलू आणायची फार इच्छा होती. माळ्याने बहुधा दिलंही असतं. पण यांनी स्वतःच मागितलं नाही. बूट कोरे नेणाऱ्या माणसाने पिलू कसं मागायचं?

ईझारकाठ (म्युनिक)

पिलबाग ताई, खूप आवडलं. मीही आईला हेलब्रुनला नेलं होतं, तिला ते जीभ बाहेर काढणारं आणि डोळे फिरवणारं पाण्यावरचं तोंड फार आवडलं. गच्चीकर काका, म्युनिक ते साल्झबुर्गसाठी बायर्न-तिकीट, म्हणजे इथल्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट, घ्या. साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं, दोघांचं मिळून एकच काढता येतं. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही, आणि वेगवान गाड्यांत चालत नाही. स्टेशनवरून २५ नंबरची बस थेट हेलब्रुनला. पाण्याचे खेळ वाटाड्याबरोबरच बघायचे असतात आणि वाट थोडी ओली, निसरडी असते. काकूंना धरून चाला. हिवाळ्यात बंद असतं, पण तुमच्या ऑगस्टमध्ये प्रश्न नाही.

जुनीकुलुपं (कोल्हापूर)

मी थोडं वेगळं सांगते. बागेसाठी जाताय ते ठीक, पण घरं आतून टाळू नका. जिने फार असतील तिथे खालचा मजला तरी बघा. मला दिवाणखान्यांपेक्षा नोकरांच्या खोल्या, घंटांच्या तारा आणि कोठीघरं बघून त्या घरांचं खरं वजन कळलं. एवढी बाग राखायला किती हात लागत असतील आणि ते हात कुठे झोपत असतील, हे बाहेरून कळत नाही. शनोंसोमध्ये तर नदीवरच्या लांब दालनात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात ती नदीच सीमारेषा होती, आणि दालनाचं दक्षिणेकडचं दार पलीकडच्या, जर्मनांच्या ताब्यात नसलेल्या भागात उघडायचं. त्या दारात मी उभी राहिले तेव्हा मला बागेची आठवणसुद्धा आली नाही.

पिलबाग (रावेर)

जुनीकुलुपं ताई, तुमचं पटलं. आम्ही त्या दालनातून चालत गेलो, पण माझं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या नदीकडे होतं. भूगोलाची खोड. दारापाशी थांबायला हवं होतं.

गच्चीकर (पुणे)

मंडळी, काय आणि किती आभार मानू. काल रात्री जेवणं झाल्यावर पिलबाग ताईंचं सगळं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. वांग्यांपाशी आल्यावर तिने मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

तर ठरलं असं: लंडनला दोन रात्री राहून सिसिंगहर्स्ट, शेफिल्डला तीन रात्री, तूरला चार, साल्झबुर्गला तीन. बायकोचं म्हणणं, विलांद्रीला दोन दिवस हवेत, एक बघायला आणि एक वहीत नक्षी उतरवून घ्यायला. गच्चीवर ड्रमांची मांडणी आल्यावर बदलणार आहे म्हणे, बिटाला लागून कोबी.

ताई, दोन शंका उरल्या. चॅट्सवर्थमध्ये दमल्यावर बसायला मधे मधे जागा आहे का? आणि तिथल्या माळ्यांशी असं जाऊन बोललेलं चालतं का? बायको लाजते, पण विचारायचं खूप आहे तिला.

पिलबाग (रावेर)

बाक भरपूर आहेत दादा. कारंज्यासमोरचे धरा, तिथे वाराही असतो. मात्र वारा फिरला की तुषार अंगावर येतात.

माळ्यांशी जरूर बोला. दुपारच्या सुट्टीत नको, काम चालू असताना, थोडं बाजूला उभं राहून. आधी स्वतःच्या बागेचा फोटो दाखवायचा, मग प्रश्न. वहिनींना म्हणावं, कापलेल्या ड्रममधली भाजी फोनमध्ये घेऊन जा, त्यांना बघायला आवडेल.

आणि आमच्या यांचा एक निरोप आहे, मी हे लिहितेय ते बघून सांगतायत. चॅट्सवर्थच्या काचघरात जाल तेव्हा केळीला घड असेल तर फण्या मोजून इथे लिहा. आणि माळी तोच असेल तर त्याला सांगा, रावेरला यंदा मृगबाग वेळेवर लागली.